खर्ज सांभाळणारी माणसे

गाणे ऐकून घरी परतताना आपण काय गुणगुणतो? चाल गुणगुणतो. शब्द आठवले तर शब्द, नाही तर नुसतेच ‘ला ला ला’. ठेका मनात बसला असेल तर बोटे आपोआप मांडीवर ताल धरतात. पण त्या चालीच्या आणि ठेक्याच्या खाली एक जाड, घुमणारा स्वर सारखा चाललेला असतो. तो मात्र कुणी गुणगुणत नाही. जाणकार त्याला खर्ज म्हणतात, ऑर्केस्ट्रातली पोरे ‘बेस’ म्हणतात. आमच्या मराठवाड्यात एखादी गोष्ट मनासारखी झाली की ‘बेस झालं’ म्हणायची पद्धत आहे. दोन शब्दांचे नाते काही नाही, पण मला हा योगायोग आवडतो. खालचा स्वर नीट लागला की वरचे सगळे बेस होते.

हा खालचा स्वर वाजवणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे असते, याचा विचार आपण सहसा करत नाही. गायकाचे नाव आपल्याला ठाऊक असते, संगीतकाराचे असते, एखाद्या बासरीवाल्याचेही असते. खर्ज सांभाळणारा मात्र मागच्या रांगेत, अर्ध्या उजेडात उभा असतो. तो चुकला तरच लोकांना जाणवते की तिथे कुणीतरी होते.

बीड जिल्ह्याला बेस गिटार ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीपासून खर्ज ठाऊक आहे. गावोगावच्या सप्ताहात मृदंग वाजवणाऱ्याची तयारी एकदा जवळून पाहावी. कीर्तनाला उभे राहण्याआधी तो कणकेचा ओला गोळा घेतो आणि मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापतो. थोडी वाढवतो, थोडी काढतो, थाप मारून कान लावतो. या कणकेच्या वजनानेच डावी पुडी खाली उतरते आणि छातीत घुमणारा तो गंभीर नाद निघतो. वाजवून झाले की कणीक खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी लावायची. उजव्या पुडीची शाई कायमची असते, डाव्या पुडीला मात्र रोज खाऊ घालावे लागते. माणसाला जी भाकरी-पोळी लागते, तीच खर्जालाही लागते, असे म्हटले तर चुकणार नाही.

त्याच सप्ताहात वीणेकरी असतो. अखंड हरिनाम म्हणजे वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहारे वाटून दिलेले असतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला मांडवात श्रोता नसतो, कुत्रीही झोपलेली असतात आणि एक शेतकरी गळ्यात वीणा घालून एकच स्वर छेडत उभा असतो. त्याला टाळी मिळत नाही. पण सप्ताहाची पत्रिका काढून पाहा. कीर्तनकारांच्या नावांखाली गायनाचार्य, मृदंगाचार्य, वीणेकरी, चोपदार असे सगळे नावानिशी छापलेले असतात. गावच्या छापखान्यात, स्वस्त पिवळ्या कागदावर का होईना, खर्ज सांभाळणाऱ्याची नोंद होते. ही साधी गोष्ट नाही. मोठमोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना ती वर्षानुवर्षे जमली नाही, ते पुढे येईलच.

अर्थात आपली सगळीच परंपरा अशी न्यायी होती, असे म्हणता येणार नाही. अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढे किंवा कुणाच्या घरच्या गोंधळात संबळ घुमते, तेव्हा तिच्या जोडीतले मोठे भांडे खर्ज धरते आणि लहान भांडे बोलते. तो घुमार अंगावर घेत माणसे डोळे मिटून बसतात. लग्नात हलगी आणि सनई हवीच. पण हे वाजवण्याचे काम परंपरेने ज्या मातंग समाजाकडे आले, त्या वाजंत्र्यांवाचून मुहूर्त लागत नसे आणि तरीही त्यांची पंगत शेवटी, तीही मांडवाबाहेर बसे. वाद्य मांडवात आणि वाजवणारा उकिरड्याच्या बाजूला, अशी ही वाटणी होती. खालचा स्वर वाजवणाऱ्याला खालचीच पायरी, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे.

मी आयुष्यभर बँकेत हिशेबच केले. तालुक्याच्या शाखांतून काम करताना बँडपथकांचे कर्जाचे अर्ज यायचे. १९८० ते १९९९ या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली म्हशी आणि शिलाई यंत्रांबरोबर वाद्यांनाही कर्ज मिळे. सोबत मेरठचे दरपत्रक जोडलेले असे, कारण तिथल्या जली कोठी भागात देशभरच्या बँडची पितळी वाद्ये तयार होतात. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, साइड ड्रम आणि यादीच्या अगदी शेवटी मोठा ड्रम. बँकेच्या नियमात हप्ता दरमहा, पण या धंद्यातले उत्पन्न पंचांगाप्रमाणे. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणजे कमाई नाही. त्यातून आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमाराला निम्मी गावे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मग चैत्र-वैशाखात लग्नांची एकच झुंबड. हप्ते बांधून देताना मी टेबलावर कालनिर्णय ठेवत असे.

एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. मोठा ड्रम गळ्यात अडकवून चालणारा बहुधा पथकातला सर्वांत गरीब माणूस असे. ट्रम्पेटवाल्याला लोक फर्माईश करत, दहाची नोट त्याच्या टोपीत खोचत. वरातीत नाचणाऱ्यांची पावले मात्र मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर पडत. नोट त्याच्याकडे क्वचितच जाई.

याच सुमारास जिल्ह्याच्या गावांत ऑर्केस्ट्रा आले आणि त्यांच्याबरोबर बेस गिटार आली. पूर्वी पाश्चात्त्य वादकवृंदात खर्जासाठी डबल बेस असे. माणसाहून उंच, उभ्यानेच वाजवायचे लाकडी धूड. अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली त्याची विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बहीण बाजारात आणली. चार जाड तारा आणि लांब मान. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला अवघी ४१. आपल्या कानाची मर्यादाच सुमारे २० पासून सुरू होते, म्हणजे हा स्वर जवळजवळ कानाच्या उंबरठ्यावर उभा असतो. म्हणून तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो.

जिल्ह्यातल्या बेसवादकाचे वर्ष देवांच्या कॅलेंडरवर चाले. गणपतीचे दहा दिवस मंडळांचे मांडव, नवरात्रात खंडेश्वरीच्या यात्रेची गर्दी, कार्तिकी पौर्णिमेला कपिलधार, महाशिवरात्रीला परळी वैजनाथ, मध्येच शहेनशाहवली दर्ग्याचा उरूस, हिवाळ्यात कॉलेजांची स्नेहसंमेलने. दिवसा नोकरी किंवा दुकान आणि रात्री टेंपोच्या हौद्यात स्पीकरच्या खोक्यांवर बसून प्रवास. भारनियमनात वीज गेली की गायक जनरेटर सुरू होईपर्यंत चहा पिऊन येई, ढोलकीवाला तसाच वाजवत राही. बेसवाला मात्र मुका. विजेशिवाय त्याच्या तारा आपल्या मालकालासुद्धा ऐकू जात नाहीत.

त्यांची आवडती गाणीही वेगळी. आपण गाणे गायकावरून निवडतो, हे लोक खालून ऐकतात. राहुल देव बर्मन यांच्यावर त्यांचा विशेष जीव, कारण ‘हरे रामा हरे कृष्णा’ आणि ‘कारवाँ’ (दोन्ही १९७१) यांसारख्या चित्रपटांत त्यांनी बेस गिटारला नुसते मागे न ठेवता बोलते केले. दक्षिणेतल्या इळैयराजांच्या गाण्यांचे शब्द कळले नाहीत तरी बेसवादक त्यांची पारायणे करतात, कारण तिथे खालचा स्वर स्वतःची दुसरी चाल गात असतो.

पंचमदांच्या वादकवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किंवा चरणजित सिंग ही नावे आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहेत? त्यांचे काम मात्र आपण सर्वांनी हजारदा ऐकले आहे. तबकडीवर आणि कॅसेटच्या वेष्टनावर गायक, गीतकार, संगीतकार छापले जात, वादक सहसा नाहीत. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून २००८ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याचे नावच ‘पडद्यामागे’ अशा अर्थाचे ठेवावे लागले. चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली होती. तेव्हा तिला कुणी विचारले नाही. २०१० साली ती युरोपात पुन्हा निघाली आणि तिकडची तरुण पोरे थक्क झाली. म्हातारपणी त्यांना परदेशातल्या रंगमंचावर बोलावणे आले. २०१५ साली ते गेले.

हे दुर्लक्ष केवळ आपल्याकडचे नाही. बीटल्समध्ये १९६१ साली बेसवादकाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती कुणालाच नको होती. शेवटी पॉल मॅकार्टनी यांच्या गळ्यात पडली. हँबर्गच्या दुकानातून त्यांनी सुमारे ३० पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार १९७२ मध्ये चोरीला गेली आणि अर्ध्या शतकानंतर सापडली. ती परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले आणि जगभर बातमी झाली. पण हे भाग्य मॅकार्टनींचे, कारण ते गातही होते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत असंख्य गाजलेल्या गाण्यांना आधार देणाऱ्या जेम्स जेमरसनचे नाव तबकडीच्या वेष्टनावर यायला १९७१ साल उजाडले.

आपल्या शास्त्रीय संगीतातही एक मोठे उदाहरण आहे. अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवत. सतारीहून मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य. मैफलींपासून त्या दूर झाल्या आणि मुंबईतल्या घराचे दार लावून शिकवत राहिल्या. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी असे शिष्य त्यांच्याकडून गेले. २०१८ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांचे वादन प्रत्यक्ष ऐकलेली माणसे फार थोडी उरली होती. त्या मात्र शिष्यांच्या बोटांतून वाजत राहिल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कीबोर्ड स्वस्त झाले, तेव्हा ऑर्केस्ट्रात काटकसर सुरू झाली. कात्री कुणावर चालली? गायकावर नाही, ढोलकीवर नाही. कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचे स्वर दाबू शकतो, मग वेगळा माणूस कशाला, असे म्हणून बेसवाल्याला आधी नारळ मिळाला. ज्याची उणीव लगेच कळत नाही, त्याच्यावरच पहिली कुऱ्हाड पडते, हे मी बँकेतही पाहिले आहे. पुढे बँडची जागा बेंजो पार्टीने घेतली, मोठा ड्रम ऑक्टोपॅडमध्ये गेला आणि शेवटी डीजे आला.

यातली विसंगती पाहा. खर्ज वाजवणारा माणूस गेला आणि खर्ज मात्र राक्षसासारखा वाढला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहते आणि घराघरांतली तावदाने थरथरतात. या खालच्या स्वरांच्या लाटा आठ-आठ मीटर लांब असतात. भिंतींना त्या जुमानत नाहीत, दार लावून उपयोग होत नाही. तान्ही मुले दचकून उठतात, आजोबा छातीवर हात ठेवून बसतात.

कायदा आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती आणखी ठामपणे सांगितली. पण त्यातही एक मेख आहे. हे माप कानाच्या सवयीप्रमाणे ठरवलेले असल्याने अगदी खालच्या स्वरांना ते मोठी सूट देते. सेकंदाला ४० कंपनांच्या आसपास ही सूट जवळजवळ ३५ डेसिबलची होते. म्हणजे भिंत हादरत असते आणि यंत्राचा काटा तिची नीट दखल घेत नाही. मापाची ही पद्धत खर्जापुरती तरी तपासली पाहिजे.

डीजे चालवणाऱ्या पोराशी माझे भांडण नाही. तोही कर्ज काढूनच संच आणतो आणि पुष्कळदा तो जुन्या बँडवाल्याचाच मुलगा किंवा नातू असतो. माझे भांडण आपल्या सवयीशी आहे. मृदंग वाजवणारा माणूस समोर असतो. तो थकतो, घाम पुसतो, गाणाऱ्याचा श्वास पाहून हात आवरतो. खर्ज किती हवा, हे त्याला कळते, कारण तो दुसऱ्याला उचलून धरण्यासाठी वाजवत असतो. यंत्राला कुणालाच धरायचे नसते. ज्याच्यावर टेकायचे, तेच आपण एकमेकांच्या अंगावर फेकू लागलो आहोत.

चित्र अगदीच निराश नाही. मुंबईत वाढलेली मोहिनी डे ही तरुणी वडिलांकडून बेस गिटार शिकली आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवत जगभर फिरली. ती मागच्या रांगेत उभी राहत नाही. आपल्या खेड्यांतही संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर मृदंग शिकणारी दहा-बारा वर्षांची पोरे दिसतात. कणीक मळायला ती आईकडून शिकलेली असतात आणि थापायला गुरूकडून.

तेव्हा घरात लग्न ठरले, तर एवढे करता येईल. वाजवायला माणसे बोलवावीत. बिदागी ठरवताना मोठ्या ड्रमवाल्याचा वाटा विचारावा. पहिल्या पंगतीला त्यांची पाने मांडावीत. आणि पत्रिकेवर ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ छापायला जागा असते, तिथेच एका ओळीत वाजंत्र्यांची नावे छापावीत. सप्ताहाच्या पिवळ्या पत्रिकेला जे जमते, ते गुळगुळीत कागदाला जमायला हरकत नसावी.