विश्लेषण : फाइल एकच निवडली, पण ॲपला अख्खी ड्राइव्ह उघडली? ‘अलाऊ’ दाबल्यावर नेमकं काय होतं?

नोकरीसाठी बायोडेटा अपलोड करायचा असतो. एखाद्या पीडीएफची पानं कमी करायची असतात किंवा एआय चॅटबॉटकडून अहवालाचा सारांश हवा असतो. अशा वेळी स्क्रीनवर पर्याय येतो : ‘गुगल ड्राइव्हमधून निवडा’ किंवा ‘वनड्राइव्हमधून निवडा’. मग परवानगीची एक चौकट उघडते. बहुतेक जण ती न वाचताच ‘अलाऊ’ दाबतात.

काम दोन मिनिटांत होतं, पण दिलेली परवानगी मात्र तिथेच राहते. ती एका फाइलपुरती होती की सगळ्या ड्राइव्हची, हे त्या न वाचलेल्या चौकटीत लिहिलेलं असतं. आधार, पॅन, गुणपत्रिका, सातबारा, वैद्यकीय अहवाल असं सगळं ड्राइव्हवर ठेवायची सवय लागलेल्या काळात हा फरक लहान नाही.

ॲप तुमच्या ड्राइव्हमधून फाइल कशी उचलतं?

यासाठी वापरली जाते ती वेब एपीआय. जुन्या ग्रंथालयात वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाता येत नसे. खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि आतला माणूस पुस्तक आणून देणार, अशी पद्धत असे. एपीआय म्हणजे क्लाउड सेवेची अशीच खिडकी. फरक इतकाच, की इथे चिठ्ठी माणूस नाही तर दुसरा प्रोग्राम देतो.

ॲप आधी फाइलींची यादी मागतं. प्रत्येक फाइलला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक देऊन ॲप फाइल मागतं आणि सर्व्हर ती पाठवतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘ग्राफ’ या एपीआयमध्ये फाइल मागितल्यावर काही मिनिटांपुरती चालणारी डाउनलोड लिंक मिळते. ती चालू असेपर्यंत फाइल उतरवायला वेगळं लॉगिन लागत नाही.

मग पासवर्डचं काय?

पासवर्ड ॲपला दिला जात नाही आणि ही चांगलीच गोष्ट आहे. ‘ओऑथ’ नावाच्या पद्धतीत वापरकर्ता गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉगिन करतो, परवानगी देतो आणि ॲपच्या हाती पडतं एक ‘टोकन’. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचं तर सभासद कार्ड. खिडकीवर ते दाखवलं की काम होतं.

टोकन दोन प्रकारची असतात. पहिलं साधारण तासाभरात संपतं. दुसरं, म्हणजे ‘रिफ्रेश टोकन’, बराच काळ टिकतं आणि त्यावर नवं टोकन मिळवता येतं. त्यामुळे वापरकर्ता झोपलेला असला, फोन बंद असला, तरी ॲपला फाइली मागता येतात. पासवर्ड बदलला की ही परवानगी आपोआप रद्द होईलच असंही नाही.

खरा प्रश्न कुठे आहे?

कार्डावर काय लिहिलंय, त्यात. तांत्रिक भाषेत याला ‘स्कोप’ म्हणतात. गुगल ड्राइव्हमध्ये एक स्कोप असा आहे, की वापरकर्त्याने त्या ॲपसाठी निवडलेल्या किंवा ॲपने स्वतः तयार केलेल्या फाइलीच दिसतात. दुसरा स्कोप सगळ्या फाइली वाचण्याचा आणि डाउनलोड करण्याचा. तिसऱ्यात त्या बदलताही येतात आणि डिलीटही करता येतात. सगळी ड्राइव्ह उघडणारे स्कोप मागणाऱ्या सार्वजनिक ॲपना गुगलच्या जास्त कडक तपासणीतून जावं लागतं. मात्र किती परवानगी मागायची, हे आधी ॲप बनवणारा ठरवतो.

वनड्राइव्हबाबत मे २०२५ मध्ये याच मुद्द्यावर चर्चा झाली. ‘ओएसिस सिक्युरिटी’ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की वनड्राइव्हच्या फाइल निवडण्याच्या सुविधेतून एकच फाइल दिली तरी ॲपला पूर्ण ड्राइव्ह वाचण्याची परवानगी मिळू शकते. कारण एका फाइलपुरता बारीक स्कोप त्या सुविधेत उपलब्ध नव्हता आणि परवानगीच्या चौकटीतली भाषाही ही व्याप्ती नीट सांगत नव्हती. चॅटजीपीटी, स्लॅक, ट्रेलो अशी ओळखीची नावं या यादीत होती. या ॲपनी कुणाच्या फाइली चोरल्या, असं त्या अहवालाचं म्हणणं नव्हतं. आक्षेप होता तो गरजेपेक्षा मोठं कार्ड हाती देण्यावर.

ॲप विश्वासू असेल तरी धोका का?

कारण कार्ड चोरीला जाऊ शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सेल्सलॉफ्ट’ कंपनीच्या ‘ड्रिफ्ट’ या चॅट सेवेची टोकन हल्लेखोरांच्या हाती लागली. अनेक कंपन्यांनी ही सेवा आपल्या ‘सेल्सफोर्स’ खात्याला जोडलेली होती. ८ ते १८ ऑगस्टच्या दरम्यान हल्लेखोरांनी ती टोकन वापरून एपीआयमार्फत मोठ्या प्रमाणावर माहिती उतरवून घेतली. ७०० हून अधिक संस्थांना याची झळ बसली असावी, असा गुगलच्या तज्ज्ञांचा अंदाज होता. क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षेतल्या कंपन्यांनीही आपली माहिती गेल्याचं जाहीर केलं.

यात सेल्सफोर्सची यंत्रणा फोडावी लागली नाही. पासवर्डही लागला नाही आणि ओटीपीही नाही. खिडकीवर खरं कार्ड आलं आणि खिडकीने नियमाप्रमाणे माहिती दिली.

दुसरा मार्ग फसवणुकीचा. ३ मे २०१७ रोजी अनेकांना ओळखीच्या माणसाकडून ‘डॉक्युमेंट शेअर केलं आहे’ असा मेल आला. क्लिक केल्यावर गुगलचंच खरं पान उघडायचं, पण परवानगी मागणारं ॲप ‘गुगल डॉक्स’ असं नाव घेतलेलं बनावट ॲप होतं. गुगलने साधारण तासाभरात ते थांबवलं. ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्ते त्यात सापडले, असं कंपनीने सांगितलं. जीमेलचे वापरकर्ते तेव्हाच १०० कोटींवर होते, हे लक्षात घेतलं तर हा छोटा आकडाही लाखांच्या घरात जातो.

भारतात काय स्थिती आहे?

डिजिलॉकर ही सरकारी सेवाही एपीआयवरच चालते. शिक्षण मंडळं, परिवहन विभाग अशा संस्था कागदपत्रं उपलब्ध करून देतात आणि बँका किंवा कंपन्या ती नागरिकाच्या संमतीने मागतात. डिजिलॉकरच्या संमतीच्या पानावर कोणती कागदपत्रं द्यायची ते निवडता येतं. ती कशासाठी हवीत आणि संमती कधीपर्यंत चालेल, हेही तिथे दिसतं. म्हणजे मर्यादित कार्ड देणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही.

कायद्याची दिशाही हीच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ही ठरावीक उद्देशापुरती आणि त्यासाठी लागेल तेवढ्याच माहितीपुरती असायला हवी. कायद्यातच उदाहरण दिलंय : टेलिमेडिसिन ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि वापरकर्त्याने होकार दिला, तरी उपचारासाठी ती यादी लागत नसल्याने तो होकार तिला लागू होत नाही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, अशीही तरतूद आहे. मात्र या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोपर्यंत तरी राखण स्वतःच करावी लागेल.

वापरकर्त्यांनी काय करावं?

चौकटीत ‘सर्व फाइली पाहणे, बदलणे, डिलीट करणे’ असं काही दिसलं तर थांबावं. एका पीडीएफसाठी एवढी परवानगी कशाला, हा प्रश्न पुरेसा आहे. फाइल आधी फोनवर उतरवून तिथून अपलोड केली की ड्राइव्ह जोडायची गरजच उरत नाही.

आधी जोडलेली ॲप शोधायची तर गुगल खात्याच्या सुरक्षेच्या विभागात ‘थर्ड-पार्टी ॲप’ची यादी मिळते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती गोपनीयतेच्या विभागात असते. ओळख न पटणारी आणि वापरात नसलेली नावं तिथून काढून टाकता येतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. परवानगी काढली की पुढची चिठ्ठी चालत नाही, पण आधी उतरवून घेतलेली फाइल त्यामुळे परत येत नाही. नुसतं ॲप फोनमधून डिलीट केल्याने तर दिलेली परवानगीही जात नाही. म्हणून ही यादी आजच एकदा उघडून पाहिलेली बरी.