फुकट म्हणजे मुक्त नव्हे!

"फुकट मिळतंय की, अजून काय पाहिजे?"

ट्रेन सिम्युलेटर खेळणाऱ्या मित्रांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. होय, फुकट मिळतंय. पण फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. हा फरक न कळल्यामुळे आपण आपल्याच पोरांची मेहनत मातीत घालतोय. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ट्रेन सिम्युलेटर काढला. सहा रूट, त्यातला एकही भारतातला नाही. पण इंजिनाची ताकद, ब्रेक, खेळातली कामगिरी ही माहिती नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या साध्या फायलींत होती. त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावच्या गाड्या त्यात आणल्या. आपल्याकडच्या पोरांनीही डब्ल्यूडीएम-३ए, डब्ल्यूएपी-४, निळे आयसीएफ डबे बनवले. कंपनीनं मात्र पुढचा भाग दोनदा जाहीर करून दोनदा गुंडाळला. दुसऱ्यांदा, जानेवारी २००९ मध्ये, तो बनवणारा स्टुडिओच बंद केला.

खेळ तिथंच संपायचा. संपला नाही, कारण त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रामर एकत्र आले आणि त्यांनी 'ओपन रेल्स' सुरू केलं. जुन्या फायली वाचणारं, पण कोड पूर्ण नवा. २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याला जीपीएल परवाना आहे. म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढं द्यावा. फक्त पुढच्यालाही तोच हक्क द्यावा. उद्या आजचे सगळे प्रोग्रामर घरी बसले तरी परवा दुसरं कुणीतरी ते काम उचलू शकतं. याला मुक्त म्हणतात.

आता ॲड-ऑनकडं या. ओपन रेल्स हा नुसता सांगाडा. रूट, इंजिनं, डबे, स्टेशनं नसतील तर चालवणार काय? हा सगळा जीव ॲड-ऑनमध्ये आहे, आणि तिथंच आपण कुलूप लावून बसलोय.

माझाच अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या घाटाचा एक रूट उतरवून घेतला. एका हौशी मुलानं केलेला, मनापासून केलेला. पण माझं आजोळ लोंड्याकडचं. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारा ब्रागांझा घाट लहानपणापासून बघितलेला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. तिथं मालगाडी चढवायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, ज्यांना बँकर म्हणतात. रूटमध्ये बँकरच नव्हते! एका स्टेशनच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, इंजिनाचे ब्रेक भलतेच. मी तीन आठवडे बसून सगळं दुरुस्त केलं. मग रीडमी वाचली. लिहिलेलं, लेखी परवानगीशिवाय बदल करू नये, पुन्हा अपलोड करू नये. मेल टाकला, परत आला. पत्ताच बंद. काही महिन्यांनी डाउनलोडची लिंकही मेली.

आज तो रूट माझ्या लॅपटॉपमध्ये आहे, दुरुस्त, बँकरसकट. तुम्हाला देता येत नाही. रान आपण कसायचं आणि उताऱ्यावर नाव बेपत्ता माणसाचं, तसली गत.

ॲड-ऑन बनवणारे म्हणतील, "आमची मॉडेलं चोरून लोक विकतात, त्याचं काय?" रास्त भीती आहे. चोऱ्या होतात, आणि करणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. पण चोर रीडमी वाचून थांबतो होय? तुमच्या मनाईनं अडतो तो प्रामाणिक माणूस. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने तयारच आहेत. मूळ कर्त्याचं नाव द्या, धंदा करू नका, बदल केलात तर याच अटींवर पुढं द्या, हे सगळं एका परवान्यात बसतं. नावही राहतं, कामही जगतं.

आणि कुलूप लावून सुरक्षित तरी काय राहतं? मे २००९ मध्ये 'अवसिम' या फ्लाइट सिम्युलेटरच्या मोठ्या साइटवर हल्ला झाला. दोन सर्व्हर, एक दुसऱ्याचा बॅकअप. हल्लेखोरानं दोन्ही पुसले. साइट नंतर उभी राहिली, पण धडा विसरू नये. ज्या फाईलची प्रत दुसरीकडं ठेवायला मनाई, तिचं घर एकच. ते जळलं की संपलं.

"राज्यशास्त्र शिकतेस आणि गेमवर काय लिहितेस?" असंही विचारतील. अहो, हे राज्यशास्त्रच आहे. त्याच २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या मूळच्या राज्यशास्त्रज्ञ. गायरान, पाटाचं पाणी, मासेमारी, अशा सामाईक गोष्टी लोक स्वतः नियम करून पिढ्यानपिढ्या टिकवतात, हे त्यांनी दाखवलं. फाईल तर पाण्यासारखी आटतही नाही. आटतो तो सांभाळणारा माणूस. त्याला परीक्षा येते, नोकरी लागते, लग्न होतं. म्हणून दुसऱ्याला हात लावायची मुभा आधीच लिहून ठेवायची असते.

फक्त उतरवून घेणाऱ्यांनो, तुम्हीही सुटणार नाही. कर्त्याचं नाव पुसून टेलिग्रामवर ढकलता आणि "नवीन रूट कधी?" म्हणून त्यालाच पिडता. दोन ओळींचं आभार तरी लिहा की.

बनवणाऱ्यांनो, तीन कामं करा. रूटसोबत स्पष्ट परवाना ठेवा. मॉडेलच्या मूळ फायली द्या, नुसतं तयार मॉडेल नको. आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा, दुसऱ्यांनाही ठेवू द्या.

सुरुवात मीच करते. तो घाट आता पहिल्या रुळापासून नव्यानं बांधतेय, मुक्त परवान्यावर. लोंडा यार्ड अर्धं झालंय. कुणाकडं घरी जुने फोटो असतील, कुणाचे वडील-आजोबा रेल्वेत असतील, तर कळवा. काम भरपूर आहे.