अद्भुत कोणते, नित्याचे कोणते?

थळच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या खांदेरी बेटावर वेताळाचे मंदिर आहे. तेथील शिळा वाढत जाते, ही आख्यायिका या भागात भरती-ओहोटीच्या वार्तेइतक्या सहजतेने सांगितली जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतील आपल्या विद्यार्थ्यांनी अशा अद्भुताने भरलेले साहित्य वाचावे काय? माझ्या मते अवश्य वाचावे, मात्र डोळसपणे.

जादुई वास्तववाद या कथनरीतीत अलौकिक घटना नित्याच्या सुरात सांगितली जाते. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ (१९६७) या कादंबरीत रेमेदिओस नावाची तरुणी चादरींसह आकाशात निघून जाते. घरातील फेर्नांदा हळहळते ती चादरींसाठी. त्याच कादंबरीत केळीच्या मळ्यांतील संपकऱ्यांचे हत्याकांड होते आणि गाव म्हणते, कोणी मेलेच नाही. कोलंबियात १९२८ साली असे हत्याकांड खरोखर घडले होते. लेखक आपल्याकडे चमत्कारावरील श्रद्धा मागत नाही. समाज काय निमूटपणे खरे मानतो आणि काय नाकारतो, हे तो दाखवतो.

आपल्या जिल्ह्याने याहून विलक्षण प्रकार पाहिला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे मानून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरींनी मंत्रोच्चारात ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही कल्पना कोणत्याही भूतकथेहून अधिक अलौकिक होय. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या नित्याची झाली होती. म्हणून तिचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते माणसांनी पाणी प्याल्याचे!

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथाही तपासून पाहिली. वृद्ध, रुग्ण व प्रेत यांच्या आकस्मिक दर्शनाचे कारण त्यांनी नाकारले आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला कलह पुढे ठेवला. सर्वमान्य गोष्टीलाही प्रश्न विचारण्याची ही दृष्टी घेऊन आपल्या मुलांनी कथा-कादंबऱ्यांकडे जावे.

जातककथेतील बोलणारे हरिण मुलांना आवडते, पण त्यामुळे ती रानात हरणांशी संवाद साधू पाहत नाहीत. कथेतील अद्भुत त्यांना ओळखता येते. जीवनात नित्याचे म्हणून वावरणारे अद्भुत ओळखणे अधिक कठीण आहे, आणि ते शिकवणे हे आपल्या विद्यालयाचे खरे कार्य आहे.