वराहपालन आणि प्रसूतिस्थानाची स्वच्छता

राष्ट्रीय पशुधन अभियानाखाली शंभर माद्या व दहा नर यांच्या वराहपैदास केंद्रास भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल 30 लाख रुपयांपर्यंत, अनुदान मिळते. परंतु मादी जेथे विते ती जागाच कोरडी आणि निर्मळ नसेल, तर या द्रव्याचा पुष्कळसा भाग गर्भाशयाच्या रोगापायी व्यर्थ जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुमारे 114 दिवसांचा गर्भकाल संपून मादी व्याली की तिच्या गर्भाशयाचे मुख काही काळ उघडे राहते आणि मलमूत्राने भिजलेल्या जमिनीवरील ई. कोलायसारखे जंतू त्या वाटेने आत शिरतात. अडलेले पिलू न धुतलेल्या हाताने ओढले, अथवा वार आत राहिली, तर अनर्थ अधिकच वाढतो. विल्यानंतर तीन-चार दिवस किंचित पांढुरका स्राव जाणे स्वाभाविक होय. पण तो तांबूस व दुर्गंधीयुक्त असेल, मादी अन्नास तोंड लावीत नसेल, आचळ दडवून पालथी पडत असेल आणि पिले भुकेने ओरडत असतील, तर तापमापक लावावा व पारा 40 अंश सेल्सियसवर जाताच पशुवैद्यास पाचारण करावे. तोवर पिलांना नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या मादीचा चीक पाजण्याची तजवीज करावी, कारण पहिल्या 24 तासांनंतर त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिलांच्या रक्तात उतरत नाहीत.

दुकानातून प्रतिजैविक आणून अंदाजाने टोचणे हा इलाज नव्हे. अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या विक्रीस केंद्र सरकारने 2019 साली मनाई केली, ती अशा अविचारी वापराने माणसांवरील अखेरची औषधेही निष्प्रभ होतील या भयानेच.

विण्याच्या आठवडाभर आधी मादीस साबण व कोमट पाण्याने धुवावे आणि खरवडून, निर्जंतुक करून वाळविलेल्या खणात आणावे. तिला मुबलक पाणी द्यावे, कारण पाणी कमी पडले की मलावरोध व मूत्राशयदाह होतो आणि तोच पुढे गर्भाशयास भोवतो. कृत्रिम रेतनास दर वेळी नवी नळी घ्यावी. फळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पूमिश्रित स्राव सोडून वारंवार उलटणारी मादी कळपातून काढावी.

गोव्यातील ‘आगोंदा गोवन’ या देशी जातीची एक-दोन डुकरे बाळगणाऱ्यासही हे परवडण्याजोगे आहे. म्हणून अनुदान मंजूर करताना सरकारने माद्यांच्या संख्येइतकीच विण्याच्या खणांची आणि पाण्याची तपासणी सक्तीची करावी.