शिकागोचं 'भुताटकीचं' थिएटर आणि आपली कुलूपबंद दारं

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण नाटकाला, सिनेमाला, शाळेच्या गॅदरिंगला पोरंबाळं घेऊन जाणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

शिकागोत रँडॉल्फ स्ट्रीटवर नेदरलँडर नावाचं देखणं थिएटर आहे. त्याच्या मागच्या बोळाला तिकडे 'मृत्यूची गल्ली' म्हणतात. रात्री तिकीट लावून भुतं दाखवायच्या सहली निघतात. म्हणे तिथे लहान मुलांचं रडणं ऐकू येतं, कुणी नसताना खांद्यावर हात पडतो. यंदा भाचीकडे गेलो होतो तेव्हा मीही ती गल्ली बघितली. आमच्या गाईडने भुतं अगदी रंगवून सांगितली. दारांबद्दल मात्र एक चकार शब्द नाही! माझा राग त्या गोष्टीचा आहे.

कारण त्या जागेची खरी हकीकत दारांचीच आहे. आजच्या थिएटरच्या आधी तिथे 'इरोक्वॉय' नावाचं थिएटर होतं. नोव्हेंबर १९०३ मध्ये उघडलं. जाहिरात काय, तर 'पूर्णपणे अग्निरोधक'. महिन्याभरात, ३० डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीतला दुपारचा खेळ होता. प्रेक्षक बहुतेक बायका आणि मुलं. बसायला जागा नाही म्हणून लोक उभे. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली आणि आग वर चढली. आगीपासून वाचवणारा अ‍ॅस्बेस्टॉसचा पडदा खाली सोडला, तर तो मधेच अडकला. विझवायला पावडरच्या नळ्या. धोक्याची घंटा नाही. एडी फॉय नावाचा विनोदी नट नाटकातल्या वेशातच पुढे येऊन लोकांना शांत राहा म्हणून विनवत राहिला.

लोक दारांकडे धावले. काही दारं पडद्यांमागे झाकलेली. काहींना अशी खिटी की ती उघडायची कशी, हेच कुणाला ठाऊक नाही. काही आतल्या बाजूला उघडणारी, म्हणजे मागून रेटा आला की उघडणं अशक्य. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे जिन्यातली लोखंडी दारं कुलूप लावून बंद! कशासाठी? तर वरच्या स्वस्त जागेवरच्यांनी खाली येऊन महागड्या खुर्च्या अडवू नयेत म्हणून. मागच्या भिंतीवर बाहेर पडायचे लोखंडी जिने होते, पण त्यांचं काम अर्धवट. तिथून पडून, चेंगरून, भाजून त्या एका गल्लीत सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. एकूण मृत्यू ६०० च्या वर.

इमारतीचा सांगाडा मात्र टिकला. वर्षाच्या आत डागडुजी करून, नाव बदलून तिथे पुन्हा खेळ सुरू झाले. खटले झाले, पण मालक, मॅनेजर, शहराचे अधिकारी यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही.

आता सांगा, भुताच्या गोष्टीने कुणाची सोय झाली? भूत साक्ष द्यायला येत नाही. कुलूप कुणी लावलं, परवाना कुणी दिला, हे विचारत नाही. काही जण म्हणतील, अहो, निदान या निमित्ताने लोकांना ती घटना आठवते तरी. काय आठवतं? अंगावर आलेला काटा आठवतो. ज्यांचा जीव कुणाच्या तरी काटकसरीने आणि कानाडोळ्याने गेला, त्या मुलांना तिकीट लावून रडायला लावायचं, याला मी आठवण म्हणत नाही.

खरी आठवण दुसऱ्याच माणसाने ठेवली. इंडियानापोलिसचा कार्ल प्रिन्झलर त्या दिवशी त्या खेळाला जाणार होता, कामामुळे राहून गेला. त्याने हेन्री ड्यूपाँट यांच्यासोबत दाराला लावायचा आडवा दांडा १९०८ मध्ये बाजारात आणला. दांड्यावर नुसता भार पडला की दार बाहेर उघडतं. आज मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही जो दांडा ढकलता, तो तिथून आला.

हे सगळं अमेरिकेतलं, शंभर वर्षांपूर्वीचं, असं कुणी म्हणू नये. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात 'बॉर्डर' चालू असताना ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून वाट अडवलेली होती. आणि आपल्या कोल्हापुरात ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री काय झालं? शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं, केशवराव भोसल्यांच्या नावाचं आपलं नाट्यगृह डोळ्यांदेखत जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. जीवितहानी झाली नाही, हे आपलं नशीब. आत भरलेलं प्रेक्षागृह असतं तर?

आपण रडलो, स्टेटस ठेवले. पुढे? परवाच एका हॉलमध्ये गॅदरिंगला गेलो होतो. बाजूच्या दाराला साखळी आणि कुलूप, पुढ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. चावी कुठाय विचारलं तर उत्तर काय, "वॉचमनकडं हाय, जेवायला गेलाय." इरोक्वॉयमध्ये याहून वेगळं काय होतं?

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा सांगतो की मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत आहे याची लेखी हमी. आपल्या शहरातल्या किती हॉलनी ते दिलंय? महापालिकेने ही यादी नावानिशी जाहीर करावी, आणि प्रत्येक हॉलच्या दारावर ते प्रमाणपत्र लावायला सांगावं. नसेल जाहीर करायची तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा.

आणि तोवर एवढं करा. हॉलमध्ये शिरलात की खुर्ची धरण्याआधी दारं बघा. कुलूप दिसलं तर कार्यक्रम सुरू व्हायच्या आत उघडून घ्या. आयोजक वैतागला तर वैतागू द्या.