आधी ड्रायव्हर, मग डिस्क

"इमेज काढायची, नव्या मशीनवर चढवायची, झालं! त्यात काय एवढं?" शुक्रवारी संध्याकाळी साहेब असं म्हणाले तेव्हाच माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. पण मीही मान डोलावली. तेव्हा चूक माझीही आहे, हे आधीच कबूल करतो.

क्लायंट म्हणजे एक छोटा कारखाना. त्यांच्या जुन्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१६ आणि पगाराचं सॉफ्टवेअर. सोमवारी पगाराची फाईल बँकेत जायची होती. शनिवारी रात्री इमेज नव्या मशीनवर चढवली, बटण दाबलं, आणि... निळा स्क्रीन. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'!

गंमत म्हणजे डिस्क धडधाकट होती, डेटा जागेवर होता. बदललं होतं ते फक्त रेड कंट्रोलरचं कार्ड. होतं काय, की सुरुवातीला बूटलोडर मशीनच्या फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, कर्नल आणि गरजेचे ड्रायव्हर मेमरीत आणतो. पुढे कर्नलला स्वतःच कंट्रोलरशी बोलावं लागतं. त्यासाठीचा ड्रायव्हर तेव्हा मेमरीत नसेल तर समोरची डिस्कही त्याला दिसत नाही. ड्रायव्हर डिस्कवर नुसता पडून असला तरी उपयोग नाही, कारण तो वाचायलाच आधी ड्रायव्हर हवा. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं!

शेवटी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, कंट्रोलरचा ड्रायव्हर लोड केला आणि 'डिझम' कमांडने तो डिस्कवरच्या विंडोजमध्ये घातला. पहाटे चार वाजता लॉगिनचा स्क्रीन दिसला. हुश्श!

लिनक्सवाल्या मित्रांनी हसू नये. तुमच्याकडे हेच काम इनिटरॅमएफएस करतं. रेड हॅटच्या कुळातली ड्रॅकट ही इमेज बहुतेक वेळा फक्त त्याच मशीनपुरती बांधते. मशीन बदललं की रूट डिस्क सापडत नाही, आणि मग बूट मेनूतली 'रेस्क्यू' ओळ आठवते.

आता मुद्दा. हे सगळं आधी करता येतं. इमेज चढवल्यावर, पहिल्या बूटच्या आधीच ड्रायव्हर घाला. जमत असेल तर नवं कार्ड जुन्याच मशीनमध्ये बसवून विंडोजला ओळख करून द्या. व्हर्च्युअल मशीनमध्ये तर फारच सोपं: मूळ डिस्क आहे तिथेच राहू द्या, नव्या कंट्रोलरवर एक छोटी रिकामी डिस्क जोडा, ड्रायव्हर बसला की मूळ डिस्क तिकडे हलवा. लिनक्समध्ये हलवण्याआधी सर्व ड्रायव्हरसकट इमेज बांधून घ्या. आणि हे सगळं एकदा कॉपीवर करून बघा.

काही जण म्हणतील, नव्यानेच इन्स्टॉल करा ना! तत्त्वतः मान्य. पण पगाराचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं, सेटअपची सीडी हरवलेली असते. अशा वेळी क्लोन करण्यात गैर काही नाही. तयारीशिवाय करण्यात आहे.

मग तयारी का होत नाही? कारण ती कुणाला दिसत नाही. शुक्रवारी रंगीत तालमीसाठी दोन तास मागितले असते तर "एवढा वेळ कशाला?" असंच ऐकावं लागलं असतं. रात्रभर जागलो तर सोमवारी सगळ्या टीमला कौतुकाचा ईमेल! तो वाचून मला तरी लाजच वाटली. जुनं मशीन भंगारात द्यायचं ठरलं होतं, ते अजून उचललं नव्हतं, एवढाच काय तो आधार होता. ते गेलं असतं आणि ड्रायव्हर सापडला नसता, तर कुणाचा तरी घरभाड्याचा चेक आमच्या 'त्यात काय एवढं' मुळे परत गेला असता.

म्हणून मी ठरवलंय: यापुढे एस्टिमेटमध्ये तालमीची ओळ वेगळी लिहायची, आणि ती कापली गेली तर कामाची तारीखच द्यायची नाही. साहेब चिडतील. चिडू देत. तुमच्याकडेही असा एखादा सर्व्हर हलवायचा असेल, तर सोमवारी सगळ्यात आधी त्याच्या कंट्रोलरचं नाव बघा.