राउटरची चावी आपल्याच हाती ठेवा

हिंजवडी आयटी पार्कलगतच्या मारुंजीत घरूनच जीएसटीची बिले आणि यूपीआयची वसुली करणारे आपले व्यापारी-कारागीर बंधू राउटर बसवणाऱ्या पोरावर सारे सोपवून मोकळे होतात. हे मला पटत नाही. ‘अ‍ॅडमिन’ हा कारखान्याचाच पासवर्ड राहिला तर गल्ल्याची चावी दारावर लटकली म्हणायची! तो त्याच दिवशी बदला. गिऱ्हाइकांना ‘गेस्ट’ जोडणी निराळी द्या. राउटर लोखंडी कपाटात कोंडू नका, लोखंड लहरी अडवते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरी, पण भिंतीपलीकडच्या शिलाई मशीनपाशी २.४ चीच बरी पोहोचते. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला तर बंद-चालू करत बसू नका, बहुधा फायबर तुटलेली किंवा मुरगळलेली असते, सरळ तक्रार नोंदवा.